पंख्याच्या मुळाशी

बुधवारी सकाळी साडेनऊलाच ड्रोन केंद्राच्या अंगणात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. लोक कुंपणाच्या जाळीला चिकटून उभे होते, समोरच्या टायरवाल्याच्या पत्र्यावर चढले होते. एक आजोबा तर घरून खुर्ची घेऊन आले होते आणि पुढे कोणी आडवं आलं की काठीने हलकेच टोचत होते. अंगणात नऊ ड्रोन ओळीने मांडले होते. चार हात, चार पंखे, पोटाखाली औषधांची पेटी. दरीपलीकडच्या वस्त्यांवर गाडीने जायला साडेतीन तास लागत, ड्रोन अठरा मिनिटांत पोचे. रक्ताच्या पिशव्या, इन्शुलिन, सर्पदंशाची औषधं, सगळं याच पेट्यांतून जायचं.

पण गर्दी ड्रोन बघायला आली नव्हती. ती आभाळबाबांना बघायला आली होती.

बाबा निळा झगा सावरत ओळीपुढून चालले होते. डोळ्यांवर सोनेरी काड्यांचा काळा चष्मा, आवाज अगदी घरातल्यासारखा.

"हवा माझी धाकटी बहीण," ते सांगत होते. "तिच्या अंगावर तुम्ही पंखे फिरवता. तिला विचारलंत? नाही विचारलंत. मग ती रुसते आणि रुसली की हातातलं टाकून देते. मी काय करतो? भावाच्या नात्याने दोन शब्द टाकतो, बस."

"खरं आहे," खुर्चीवाले आजोबा म्हणाले.

"माणसाचा अहंकार डोक्यात बसतो. यंत्राचा कुठे बसतो? पंख्याच्या मुळाशी. म्हणून तेल मुळाशीच लागलं पाहिजे. पात्याला चोपडून उपयोग नाही."

आणि ते वाकून प्रत्येक पंख्याच्या मुळाशी, जिथे तो मोटरीवर बसतो तिथे, बोट टेकवत पुढे जात होते. बहुतेक ठिकाणी बोट पितळी वाटीतलं. मधेच कुठे झग्याच्या खिशातल्या छोट्या बाटलीतलं. ते मात्र कोणी लक्ष देऊन पाहत नव्हतं.

शेडच्या दारात उभी असलेली बाई हे सगळं दात आवळून बघत होती. केंद्रात तिला सगळे पानाताई म्हणत, कारण पाना तिच्या खिशात नाही असा दिवस उजाडला नव्हता. पंखे बसवणं, काढणं, तपासणं, बदलणं हे तिचं काम. आपण पुसून, आवळून ठेवलेल्या वस्तूला कोणी तेलकट बोट लावलं की तिला ती पुन्हा पुसावीशी वाटायची. पण केंद्रप्रमुख साहेबांचा हुकूम होता.

शेवटी बाबांनी नेहमीप्रमाणे एक बंद पाकीट साहेबांच्या हातात दिलं. आभाळ काय म्हणतंय ते त्यात लिहिलेलं असे. पाकीट पहारेकऱ्याच्या कपाटात कुलपात जायचं आणि संध्याकाळी पाच वाजता सगळ्यांसमोर उघडायचं. बहुतेक बुधवारी आतल्या कागदावर "आभाळ शांत आहे" एवढंच असे. पाच आठवड्यांपूर्वी मात्र "तीन" असं निघालं होतं आणि त्याच दुपारी तीन नंबरचा ड्रोन धरणाच्या पाण्यात पडला होता. तो सापडलाच नाही. तेव्हापासून लोक घरून खुर्च्या आणू लागले.

त्या दिवशी पावणेएकला डोंगरावरच्या आरोग्य केंद्रातून फोन आला. सात नंबरचा ड्रोन उतरता उतरता, झाडाच्या उंचीवर असताना, त्याचा एक पंखा तुटून उडाला. यंत्र दगडासारखं खाली आलं. तुटलेलं पातं पेटी घ्यायला पुढे आलेल्या मदतनीस बाईच्या चेहऱ्यावर बसलं.

ती मदतनीस म्हणजे पानाताईची वहिनी.

पाच वाजता पाकीट उघडलं. कागदावर एकच शब्द होता. सात. पुढच्या रांगेतली माणसं एकेक करून बाबांसमोर वाकली.

पानाताई तिथे नव्हती. ती शहरातल्या इस्पितळात, डोळ्यांच्या विभागाबाहेरच्या बाकावर बसली होती. शेजारी तिचा दादा. तो केंद्रात ड्रोनचालक होता. सात नंबर त्या दिवशी त्यानेच उडवला होता.

"डॉक्टर म्हणतात डोळा राहील," दादा म्हणाला. "नजर किती राहील ते सांगत नाहीत."

तिने खिशातला पाना मुठीत धरला.

"तू नट आवळला होतास?" त्याने विचारलं.

"आवळला होता."

"नक्की?"

"नक्की, दादा."

ती खरंच सांगत होती. तरी तिचा आवाज तिलाच खोटा वाटला.

"तिला मी शंभरदा सांगितलं होतं, बाबांचा दोरा बांध," दादा भिंतीकडे बघत म्हणाला. "हसली. म्हणाली, मी पेटी घेणार की दोरा सांभाळणार."

पानाताईला त्याचा राग आला आणि लगेच कीवही आली. बाबांचा कोप नसेल तर उरतं काय? एक तर त्याचं उडवणं चुकलं, नाही तर बहिणीचं आवळणं. दोरा न बांधल्याने झालं, हे मानणं त्याला त्यातल्या त्यात सोपं होतं.

आणि तिलाही ते एकदा सोपं गेलं होतं. ते तिच्याशिवाय आणि साहेबांशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं.

तीन महिन्यांपूर्वी पहिला ड्रोन पडला तेव्हा आभाळबाबा म्हणजे चौकातल्या गच्चीवर राहणारा, ग्रहांच्या अंगठ्या देणारा एक साधा इसम होता. ड्रोन रोज त्याच्या डोक्यावरून घोंघावत जायचे. एके सकाळी वैतागून तो गच्चीवर आला आणि आभाळाकडे हात उगारून ओरडला, "बंद करा रे हे." भाजी घ्यायला आलेल्या पाचपन्नास लोकांसमोर वरचा ड्रोन गिरकी घेऊन खाली कोसळला. कोणाला लागलं नाही. पण दुपारपर्यंत गावभर झालं की बाबांनी हात वर केला आणि यंत्र पडलं. संध्याकाळी बाबांनाही ते पटलं असावं.

दुसऱ्या दिवशी पानाताईने ते यंत्र उचलून आणलं. चौथ्या मोटरीचा दांडा उघडाबोडका होता. पंखा नाही, नट नाही. आटे मात्र नवे कोरे, कुठे ओरखडा नाही. म्हणजे काही तुटलं नव्हतं, नट फिरत फिरत आपणच निघून गेला होता. आणि तो नट तिला चांगला आठवत होता.

तिने साहेबांना सांगितलं. साहेबांनी दार लोटलं.

"बाई, लोक काय म्हणतायत ऐकलंत ना? म्हणू द्या. अहवालात 'कारण अज्ञात' लिहितो. तुम्ही सही करा."

तिने सही केली. आणि पुढच्याच महिन्यापासून बाबा केंद्राच्या अंगणात तेल लावायला येऊ लागले.

तीन नंबर धरणात गेला तेव्हा तिला वाटलं, हेही माझंच. त्यानंतर तिने नवे नट मागवून घेतले आणि नऊच्या नऊ यंत्रांचे जुने नट फेकून दिले. प्रत्येक नट आवळल्यावर नटावरून खाली दांड्यापर्यंत पिवळ्या रंगाची एक बारीक रेघ ओढली. नट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसणार. उड्डाणाआधी ती प्रत्येक रेघेवरून नखाने चाचपायची, एकदा, दोनदा, कधी तीनदा. घरी जेवताना हात मधेच थांबायचा. सहाची मागची डावी बघितली का मी?

अपघाताच्या तिसऱ्या दिवशी डोंगरावरच्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टर स्वतः खाली आल्या. सडपातळ, रागीट, कमी बोलणाऱ्या. त्यांनी सलाइनच्या बाटल्यांचा रिकामा खोका टेबलावर ठेवला. आत सात नंबरचे तुकडे होते.

"मी सगळं गोळा केलंय. मला बाबांचं सांगू नका," त्या म्हणाल्या. "काय तुटलं ते सांगा."

पानाताईने मोटर हातात घेतली आणि आधी रेघ बघितली. रेघ शाबूत होती. नट जागच्या जागी. नटाखाली पंख्याचा मधला भाग तसाच दाबलेला होता आणि त्याच्यापासून दोन्ही पाती मुळातून तुटून गेली होती. नट निघाला नव्हता. तिला एकदम रडू आलं. डॉक्टरांनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

मग तिने भिंग घेतलं. तुटलेल्या कडेला, नटाच्या सभोवार, कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा होत्या. आपटून पडतात त्या चिरा वेगळ्या, एका दिशेने धावणाऱ्या. या तशा नव्हत्या. तिने तो भाग नाकाशी नेला. बाकीच्या तीन पंख्यांना साधा खोबरेल वास होता. याला अत्तराचा, उग्र, डोक्यात जाणारा.

"अशा चिरा मी एकदा पाहिल्यात," ती हळूहळू म्हणाली. "पूर्वी एकाने दिव्याचं प्लॅस्टिकचं झाकण रंगाच्या थिनरने पुसलं होतं. पुसताना चकचकीत झालं, तासाभराने सगळं तडकलं."

त्याच दुपारी दोघींनी शेडमागच्या पिंजऱ्यात दोन मोटरी बसवल्या. दोन्हींवर नवे पंखे, नवे नट, सारखेच आवळलेले. एकाच्या मुळाशी खोबरेल, दुसऱ्याच्या मुळाशी थिनर. वीस मिनिटं थांबल्या. मग मोटरी चालू केल्या. खोबरेलवाला पंखा तासभर फिरला आणि त्यांनी बंद केला म्हणूनच थांबला. थिनरवाला चौदाव्या मिनिटाला फाडकन उडाला आणि पिंजऱ्याच्या जाळीत रुतून बसला.

डॉक्टरांनी जाळीत रुतलेलं पातं ओढून काढलं. "हे माझ्या दारात उडालं," त्या म्हणाल्या.

साहेबांना पटवणं थिनरच्या प्रयोगापेक्षा अवघड होतं.

"असेलही तुमचं खरं," ते म्हणाले. "पण बाई, विचार करा. आज बाबांमुळे लोक आपल्याला काही विचारत नाहीत. बाबा गेले की सगळे आपल्याला विचारतील."

"विचारू देत," डॉक्टर म्हणाल्या. "नाहीतर मी पोलिसांना घेऊन येते, मग ते विचारतील."

पुढच्या बुधवारी गर्दी आणखी वाढली. अपघातानंतर बंद असलेली उड्डाणं त्या दिवशी पुन्हा सुरू होणार होती आणि बाबांनी जाहीर केलं होतं की ओळीत अजून एक दोषी यंत्र आहे, ते गेलं की आभाळ मोकळं. आजोबांनी या खेपेला शेजाऱ्यालाही खुर्ची आणायला लावली होती. बाबा ओळीतून फिरले, बोट टेकवत गेले, पाकीट कुलपात गेलं. या खेपेला पानाताईची नजर त्यांच्या हातावर होती, आणि मधेच तो झग्याच्या खिशातल्या बाटलीकडे गेलेला तिने पाहिला.

तेव्हा पानाताई पुढे आली. एका हातात दिवा, एका हातात भिंग.

"आज उड्डाण अर्ध्या तासाने," ती म्हणाली. "आधी मी पंखे तपासणार."

"पोरी, आभाळाला ताटकळत ठेवू नये," बाबा हसून म्हणाले.

"बहीणच आहे ना तुमची? सांगा तिला, आलेच म्हणून."

गर्दीत कोणीतरी फिसकन हसलं. बाबांनी आधी वाट सोडली नाही, पण गेटाशी साध्या कपड्यांत दोन पोलीस उभे होते ते त्यांना दिसले असावेत. ते झाडाखाली जाऊन बसले.

पानाताईने मुद्दाम अर्धा तास जाऊ दिला. मग एकेका यंत्रापुढे गुडघे टेकून तिने पंख्यांची मुळं दिव्याखाली धरली. एक, दोन, चार. दादा चालकांच्या खोलीच्या पायरीवर उभा राहून बघत होता. पाचव्याच्या उजव्या पुढच्या पंख्याशी ती थांबली. पुन्हा बघितलं. मग पुढची सगळी यंत्रंही तपासली आणि उठून खडूने शेडच्या दारावर मोठ्ठा आकडा काढला. पाच.

"पाकीट आणा."

पहारेकऱ्याने पाकीट आणलं. साहेबांनी ते फोडलं. कागदावर होतं, पाच.

आणि तेव्हा तिला अगदी अपेक्षित नव्हतं ते घडलं. खुर्चीवाले आजोबा धडपडत उठले आणि तिच्या पायांकडे वाकू लागले.

"आजोबा, अहो, नका," तिने त्यांना धरलं. "माझ्या अंगात काही आलेलं नाही. हे भिंग घ्या आणि तुम्हीच बघा."

आजोबांनी बघितलं. मग शेजाऱ्याने. मग रांगच लागली. जो बघेल त्याला पाचव्या यंत्राच्या एका पंख्यावर जाळं दिसत होतं आणि इतर कुठल्याही पंख्यावर नाही. तिने वास घ्यायला सांगितलं. लोक वास घेऊ लागले, एकमेकांकडे बघू लागले.

"वाटीत खोबरेल आहे," ती म्हणाली. "बाबांच्या खिशातल्या बाटलीत अत्तर मिसळलेलं थिनर आहे. नट जिथे पंख्याला दाबतो तिथे प्लॅस्टिकवर आधीच ताण असतो. तिथे थिनर लागलं की ते आतून तडकतं, आणि वर गेल्यावर तुटतं. ज्या यंत्राला बाटलीतलं बोट लागतं त्याचा नंबर पाकिटात असतो. आभाळाचा यात काही संबंध नाही. खोटं वाटत असेल तर बाबा, तुमच्या चष्म्याच्या काचेवर त्या बाटलीतला एक थेंब टाका. प्लॅस्टिकचीच आहे ती."

बाबांनी चष्म्याला हात लावला नाही. पोलिसांनी बाटली मागितली तेव्हा ती त्यांनी शांतपणे काढून दिली. डॉक्टरांनी सुटा पंखा नटाने आवळून आणला, त्याच्या मुळाशी बाटलीतला थेंब टाकला. लोक दाटीवाटीने वाकले. काही मिनिटांनी टिक असा बारीक आवाज आला, आणखी एक आला, आणि काळ्या प्लॅस्टिकवर पांढुरक्या रेषा उमटू लागल्या.

"बरं," बाबा उठून उभे राहिले. आवाज अजून तसाच घरगुती. "बाटली सोडा. मी पापी, कबूल. पण पहिलं यंत्र पडलं तेव्हा मी गच्चीवर होतो. माझ्या हातात बाटली होती? तुमच्या अंगणात मी कधी आलो होतो? तुम्ही सगळे चौकात होतात. मी हात वर केला, ते पडलं. सांग पोरी, ते कसं पडलं?"

गर्दी पुन्हा बाबांकडे वळली. ते वळणं पानाताईला डोळ्यांनी दिसलं. साहेब तिच्याकडे बघून मान हलवत होते, नको. अहवालात कारण अज्ञात होतं. ते अज्ञातच राहिलं असतं तर कोणाचं काही बिघडत नव्हतं. फक्त या माणसाला पाय टेकायला वीतभर जागा उरली असती.

"पहिलं यंत्र मी पाडलं," ती म्हणाली.

तिने खिशातून एक नट काढून वर धरला.

"या नटाच्या आत नायलॉनची एक कडी असते. ती आट्यांना घट्ट धरून ठेवते, म्हणून मोटर कितीही थरथरली तरी नट सुटत नाही. पण नटाची काढघाल केली की कडी सैल होते. मग तो टाकून द्यायचा, नवा लावायचा. त्या दिवशी नव्या नटांचा डबा रिकामा होता. मी जुना लावला. तो बोटानेच शेवटपर्यंत फिरला, तेव्हाच मला कळलं होतं. मी मनात म्हटलं, चालेल. अकरा मिनिटांनी तो सुटला. त्याच वेळी हा माणूस गच्चीवर ओरडत होता. दुसऱ्या दिवशी मला कारण समजलं आणि मी 'कारण अज्ञात' या कागदावर सही केली. मी तेव्हा बोलले असते तर हा तुमच्या अंगणात शिरला नसता, आणि माझ्या वहिनीचा डोळा गेला नसता."

पायरीवरून दादा खाली उतरला, गर्दीतून वाट काढत फाटकाबाहेर गेला. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

बाबांना पोलिसांनी नेलं. पुढे चौकशीत निघालं की ते पूर्वी पाट्या बनवणाऱ्या दुकानात प्लॅस्टिकची अक्षरं कापत. कुठल्या द्रवाने काय तडकतं ते तिथेच शिकले. पहिल्या खेपेचा योगायोग त्यांच्या पथ्यावर पडला, आणि एकदा गच्चीखाली गर्दी जमायला लागल्यावर दुसरं यंत्र पडणं भाग होतं. तरी चौकातले काही लोक अजून म्हणतात की बाबांना अडकवलं. त्यांच्यापुढे भिंग धरलं तर ते डोळे मिटून घेतात.

साहेबांची बदली झाली. पानाताईला तीन महिने घरी बसवलं, मग चौकशीनंतर परत घेतलं, कारण नटाबद्दल खरं सांगणारं केंद्रात दुसरं कोणी नव्हतं असं चौकशी अधिकाऱ्याने लिहिलं. तिला त्याचा आनंद झाला नाही. दादा त्या दिवसापासून तिच्याशी बोलत नव्हता.

परतल्यावर पहिल्याच आठवड्यात वहिनी शेडमध्ये आली. एका डोळ्याने तिला आता उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. बसताना तिने आधी स्टूल हाताने चाचपलं.

"वन्सं, तो नट दाखवा मला. जुना आणि नवा, दोन्ही."

पानाताईने दोन नट तिच्या तळहातावर ठेवले. वहिनीने नवा दांड्यावर फिरवून पाहिला. अर्ध्यावर तो अडला, पुढे पाना लागणार होता. जुना सरसर शेवटपर्यंत गेला.

"एवढंसं," वहिनी म्हणाली.

"वहिनी, मी…"

"थांबा. तुमच्यावर माझा राग आहे, तो जाईल तेव्हा जाईल. पण आठवडाभर लोक माझ्या उशाशी बसून मला सांगत होते की माझ्या हातून काहीतरी पाप झालं असणार. मी रात्रंदिवस आठवत होते कुठलं पाप. तुमच्या दादाचं पण तेच. तुम्ही बोललात त्या दिवशी मला कळलं की पाप नव्हतं, थिनर होतं. त्या रात्री मला पहिल्यांदा झोप लागली."

"आणि दादा?"

"तो घरी बसून सारखे नट फिरवतो. बोलेल. त्याला वेळ लागतो."

वहिनी आता पुन्हा डोंगरावरच्या केंद्रात पेट्या घेते. पण तिचा एक नियम झाला आहे. ड्रोन निघायच्या आधी ती खाली फोन लावते आणि विचारते: नट नवा आहे का? रेघ जुळते का? कोणी बघितलं, आणि दुसऱ्या कोणी बघितलं? सगळी उत्तरं मिळाल्याशिवाय ती अंगणात पाऊल टाकत नाही. पानाताई म्हणाली म्हणून ती मान्य करत नाही, डॉक्टर म्हणाल्या म्हणूनही नाही.

तुमच्याही गावात उद्या कोणी हात वर करील आणि आभाळातून काहीतरी पडेल. त्या वेळी हाताकडे बघू नका, पडलेल्या वस्तूकडे जा. ती उचला, उलटसुलट करून बघा, वास घ्या. कारण सापडलं नाही तर "अजून सापडलं नाही" एवढंच म्हणा आणि शोधत राहा. आणि कारण सापडल्यावर ते आपल्याच खिशातल्या पान्यापर्यंत येऊन पोचलं, तरी सांगून टाका. न सांगितलेल्या कारणाच्या जागी बाबा येऊन बसतो, आणि मग त्याला उठवायला एखाद्याचा डोळा जावा लागतो.